अखेरचा हात

घर पुरे झाले असे कोणत्या दिवशी म्हणावे, याचे उत्तर गवंडी एक देतो आणि घरधनी दुसरे देतो. भिंत ओळंब्यात उभी राहिली, छप्पर गळेनासे झाले, गिलावा बसला, की गवंड्याच्या लेखी काम संपले. घरधन्याचे काम तेथून पुढे सुरू होते. दाराची कडी कोयंड्यात नीट बसत नाही, चौकटीच्या कडेला चुन्याचे शिंतोडे राहिलेले असतात, जमिनीच्या एखाद्या कोपऱ्यात रंग धरलेला नसतो. या बारीकसारीक कामांची मजुरी ठरवता येत नाही आणि ती कोणाला नेमकी सांगताही येत नाहीत. ती ज्याची त्यानेच करावयाची असतात. मराठीत त्यांना 'अखेरचा हात फिरवणे' असे म्हणतात. हा वाक्प्रचार भिंतीला लागू पडतो तसाच लेखालाही लागू पडतो. अध्यापनाच्या आणि संपादनाच्या व्यवसायात मी तो चाळीस वर्षे लेखाच्या संदर्भात वापरला. भिंतीच्या संदर्भात वापरण्याची पाळी वयाच्या ६६ व्या वर्षी तंजावरला आली. तीतून माझ्या मूळ व्यवसायाविषयी जे थोडे उमगले, ते येथे नोंदवून ठेवावे असे वाटते.

आमचे वडिलोपार्जित घर तंजावरच्या मेल वीधीपासून, म्हणजे पश्चिमेकडील राजरस्त्यापासून, आत गेलेल्या एका गल्लीत आहे. घराचे तोंड अरुंद आणि अंग लांब. रस्त्यावरून पाहणाराला ओटा आणि दोन लाकडी खांब एवढेच दिसते. आत मात्र घर मागल्या विहिरीपर्यंत लांबत गेलेले आहे. घरातील जागांची नावे दोन भाषांनी आपसांत वाटून घेतली आहेत. रस्त्याकडचा ओटा म्हणजे 'तिण्णै', त्याच्या आतली अरुंद देवडी म्हणजे 'रेळी', आभाळ दिसणारा चौक म्हणजे 'मुट्रम'. हे सारे शब्द तमिळ. चौक ओलांडला की माजघर, देवघर, कोठी, न्हाणी असे शब्द सुरू होतात. परक्याची ये-जा जेथवर, तेथवर तमिळ. घरच्या माणसांचा वावर जेथे, तेथे मराठी. अशी वाटणी कोणी ठरवून केली नसेल. परंतु लहानपणी आम्हां मुलांचे बोलणे चौकातल्या एका पायरीपाशी आपोआप बदलत असे, हे मला स्पष्ट आठवते.

या भाषेचा तंजावरातील इतिहास या पत्रिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. १६७६ च्या सुमारास एकोजीराजांनी येथे भोसल्यांची गादी स्थापन केली. त्यांचे पुत्र शहाजीराजे (१६८४–१७१२) यांनी तेलुगूबरोबर मराठीतही नाटके रचली. दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविला आणि १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या वंशाचा वृत्तान्त मराठीत कोरविला. राजराज चोळाने १०१० मध्ये पुरे केलेल्या देवालयाच्या दगडावर आठशे वर्षांनी मराठी अक्षरे उमटली. १८५५ मध्ये अखेरचे राजे शिवाजी औरस पुत्राविना वारले आणि राज्य संपले. भाषा मात्र राज्याबरोबर संपली नाही. ती दरबारातून उठून माजघरात आली, आणि तेथे ती देवपूजेत, पाककृतींत, बायकांच्या बोलण्यात आणि जमाखर्चाच्या मोडी टिपणांत आणखी शंभर-सव्वाशे वर्षे राहिली. आमचे घर हे त्या निवाऱ्यांपैकीच एक.

नोव्हेंबर २०१८ मध्ये 'गज' चक्रीवादळ आले. तंजावर जिल्ह्याच्या दक्षिण भागात त्याने नारळीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या. आमच्या घरावर त्याने तुलनेने दया केली, एवढेच म्हणावयाचे. चौकाभोवतीची कौले उडाली आणि माजघरावरच्या गच्चीत पाणी मुरले. ही गच्ची 'मद्रास टेरेस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची आहे. सागवानी तुळया जवळजवळ घालून त्यांवर लहान, पातळ विटा उभ्या कडेवर तिरप्या ओळींत चुन्यात बसवितात. वर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा थर घालून तो मजूर स्त्रिया हिरड्याचे आणि गुळाचे पाणी शिंपडत लाकडी चोपण्यांनी कित्येक दिवस चोपीत बसतात. अशी गच्ची नीट राखली तर पिढ्यान् पिढ्या टिकते. आमची राखली गेली नव्हती. भावंडे चेन्नई आणि बंगळूर येथे स्थायिक झालेली, मी उत्तरेत नोकरीला, आणि घरात एकटी आत्या. वादळानंतर घर विकावे असा कौटुंबिक विचार निघाला. तेव्हा ८४ वर्षांच्या आत्याने एवढेच विचारले, "विकल्यावर मी मराठी कोणाशी बोलू?" या प्रश्नाला बंगळूरला उत्तर होते, चेन्नईलाही होते, परंतु ते तिला पटण्यासारखे नव्हते. सेवानिवृत्तीचे पैसे हाताशी होते. घर दुरुस्त करावयाचे ठरले.

दुरुस्तीला हात घातल्यावर माझीच एक जुनी चूक प्रथम पुढे आली. १९८६ मध्ये वडील वारल्यावर मी ओट्याच्या आणि देवडीच्या भिंती खालपासून कमरेइतक्या सिमेंटने लिंपून घेतल्या होत्या. जुना चुना ठिकठिकाणी फुगला होता, सिमेंट हे नव्या काळाचे आणि पक्के, अशी माझी समजूत. वृद्ध मेस्त्री आले. मिस्त्री आणि मेस्त्री हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे आहेत, तेव्हा आम्हां दोघांना तो शब्द आपलाच वाटे. त्यांनी त्या भिंतीवर बोटाच्या पेराने टिचकी मारली, आतून पोकळ आवाज आला आणि त्यांनी हसून मान हलविली. चुन्याची भिंत जमिनीतला ओलावा शोषते आणि तो हवेत सोडूनही देते. वरून सिमेंट बसले की ओलाव्याला बाहेर पडण्याची वाट राहत नाही. तो भिंतीच्या पोटातून वर चढतो, बरोबर क्षार नेतो, आणि क्षारांचे स्फटिक विटांना आतून फोडतात. यालाच आपण लोणा म्हणतो. भिंत पक्की करावयाच्या हेतूने मी ती तेहतीस वर्षे आतून कुजविली होती. मेस्त्रींनी दोष दिला नाही. "सार, त्या काळी सगळ्यांनीच असे केले," ते म्हणाले.

सिमेंट खरवडून काढण्यात, भिंती वाळू देण्यात आणि गच्ची नव्याने चोपण्यात २०१९ सरले. चुन्याचा पहिला जाड गिलावा मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात बसला. राहिला तो नुसता वरचा गुळगुळीत थर, ज्याला महाराष्ट्रात गवंडी नीरू म्हणतात, जमिनीचा तांबडा रंग, आणि दारेखिडक्या घासून त्यांना तेल देणे. तोच २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दुसरा दिवस गुढीपाडव्याचा. शके १९४२, शार्वरी संवत्सर सुरू झाले. शार्वरी म्हणजे रात्र. मेस्त्री आणि त्यांची माणसे कुंभकोणमच्या बाजूच्या आपल्या गावी अडकली, मी तंजावरात अडकलो. चौकात भिजविलेल्या चुन्याची दोन पिंपे, वाळूचा ढीग, शंखजिऱ्याची पिशवी आणि अवजारांची पेटी एवढे मागे राहिले. तीन आठवडे वाट पाहिली. मग आत्या म्हणाली, "चुना तसाच पडून वाया जाईल. तुला दोन हात आहेत ना?"

मेस्त्रींशी दररोज संध्याकाळी दूरध्वनीवर बोलणे होई. ते सांगत आणि मी वहीत लिहून घेत असे, जणू एखादा पाठ उतरवून घेत आहे. पिंपातला चुना जाड पंच्यातून गाळून घ्यावा. त्यात हिरड्याचे पाणी घालावे, परंतु किती, हे मापात सांगता येत नाही. थापीवरून तो लोण्यासारखा सरकावा. पहिला थर पुरता वाळण्यापूर्वी दुसरा द्यावा. पहाटे चारला आरंभ करून ऊन चौकात उतरण्यापूर्वी थांबावे. एप्रिल-मेचे तंजावर म्हणजे भट्टी; मेच्या आरंभी तर तमिळ लोक ज्याला अग्निनक्षत्र म्हणतात तो काळ लागतो. अशा उन्हात चुना झटपट वाळला की त्यावर केसासारख्या भेगा पडतात. चुन्याचे वाळणे हे खरे म्हणजे वाळणे नव्हे. हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू शोषून तो पुन्हा दगड होत असतो, आणि त्यासाठी त्याला ओलावा व अवधी दोन्ही लागतात. म्हणून आम्ही भिंतीसमोर ओली गोणपाटे टांगली आणि आत्या दर घटकेला ती भिजवीत राहिली.

शेवटच्या घोटाईच्या आदल्या संध्याकाळी मेस्त्रींनी सांगितले की वरच्या थरात अंड्याचा पांढरा बलक घालतात, त्याने झळाळी येते. मी हे आत्याला सांगितले. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की तिच्या आजीच्या काळी या घरात त्याऐवजी ताक घातलेले तिने ऐकले आहे. मेस्त्रींना विचारले, तर त्यांनाही ते ठाऊक होते. अग्रहारांत असेच करीत, फक्त आता कोणी मागत नाही, असे ते म्हणाले. मग आम्ही ताक घातले. थर किंचित ओढून आल्यावर गुळगुळीत गोट्याने तो घोटावयाचा. घोटता घोटता भिंतीला घाम सुटतो. तो मऊ फडक्याने टिपून पुन्हा घोटावयाचे. चार दिवसांत ओट्यामागची एक भिंत पुरी झाली. मेस्त्रींच्या हातची भिंत आरशासारखी असते. माझ्या भिंतीत तोंड दिसत नाही, परंतु संध्याकाळी समोरच्या घरातला दिवा लागला की त्याचा एक अस्पष्ट, लांबट उजेड तीत उतरतो. चौकातल्या आठ चौरस फूट जागेत माझी बोटे उठली आहेत. ती झाकण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आणि प्रत्येक प्रयत्नात ती वाढली.

दुपारी काम बंद असे. त्या वेळी मी जपानी लेखक तानिझाकी जुनइचिरो यांचा १९३३-३४ मधील सावल्यांवरचा प्रसिद्ध निबंध पुन्हा वाचला. साहित्याचे अभ्यासक त्याच्याकडे सौंदर्यशास्त्राचा ग्रंथ म्हणून पाहतात, आणि तसे पाहणे योग्यच आहे. परंतु त्याचा आरंभ अगदी घरगुती रडकथेने होतो, हे या वेळी माझ्या प्रथमच ध्यानात भरले. जुन्या जपानी धाटणीचे घर बांधताना विजेच्या तारा लपवाव्या कोठे, दारांना कागद लावावा की काच, या विवंचनेत लेखक बुडालेला आहे. आतून कागद आणि बाहेरून काच अशी तडजोड करून त्याने दुप्पट खर्च केला, आणि तरीही कागदाचा मऊ उजेड काही मिळाला नाही. जपानी घरातही चुन्याचा एक गिलावा असतो; त्यात समुद्रशेवाळाचा चिकट अर्क आणि तागासारखे तंतू घालतात. आमच्याकडे हिरडा आणि गूळ, तेथे शेवाळ आणि तंतू. प्रत्येक देशाने चुन्याला धरून ठेवण्यासाठी आपल्या परसातले काहीतरी घातले आहे. तानिझाकींचे घर आणि आमचे घर यांत साम्य थोडेच. परंतु घराचा उजेड कोणत्या पदार्थावर पडतो यावर घराचा स्वभाव ठरतो, हे त्यांचे म्हणणे हाताला फोड आलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मेच्या अखेरीस दारांची पाळी आली. येथपर्यंतच्या चुका दुरुस्त होण्याजोग्या होत्या. पुढची झाली नाही.

दारे घासण्याचे काम मला चुन्यापेक्षा सोपे वाटले. दिवाणखान्याच्या नव्या दारापासून आरंभ केला. जाड काचकागद, मग मध्यम, मग बारीक, शेवटी जवसाचे तेल. लाकडाची कांती एकेका हाताबरोबर वर येते आणि माणसाला आपल्या कौशल्याविषयी भलता विश्वास वाटू लागतो. चौथ्या दिवशी मी कोठीच्या दाराशी आलो. हे घरातले सर्वांत जुने दार. धुराने, तेलकट हातांनी आणि दमट हवेने ते काळेभोर झाले होते. कोठीत खिडकी नाही. दार आतल्या बाजूने घासताना मी एक दिवा टांगून घेतला होता. लाकडावर बारीक, तिरप्या रेघांच्या ओळी आहेत असे एकदा वाटले. सुताराच्या खुणा असतील, किंवा मुलांनी कधी काही ओरखडले असेल, असे मनाशी म्हणून मी हात चालू ठेवला. दुपारपर्यंत कमरेपासून कपाळाच्या उंचीपर्यंतचा भाग मधासारखा स्वच्छ निघाला.

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने दार पाहिले, आणि लाकडावरून तळहात फिरविला, जणू काळोखात काही चाचपडत आहे.

"आप्पांचे अक्षर होते येथे," ती म्हणाली. "पुसलेस?"

मी दिवा वर उचलला. माझा हात न पोचलेल्या वरच्या फळीवर, काजळीखाली, शिसपेन्सिलीच्या दोन ओळी शिल्लक होत्या. मोडी. मी चाळीस वर्षे मोडी वाचीत आणि शिकवीत आलो आहे. सरस्वती महालातील दफ्तरांपुढे मी भिंग घेऊन महिनेच्या महिने बसलो आहे; एकेका अस्पष्ट वळणासाठी तीन तीन दिवस घालविले आहेत. आणि माझ्या आजोबांच्या हातचे अक्षर, ते अक्षर आहे हे न ओळखता, मी काचकागदाने घासून टाकले होते. दृष्टी मंद असती तर समाधान असते. मी लाकूड पाहत होतो. लाकडावर अक्षर असेल हा विचारच मनात नव्हता.

आत्या रागावली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "लिही." आजोबा दर सुगीला खंडकऱ्यांकडून आलेल्या भाताची नोंद त्या दारावर करीत. संवत्सराचे नाव, पीक कुरुवै की सांबा, आणि किती कलम, किती मरक्काल. बारा मरक्कालांचा एक कलम. मापून घेताना मोठ्याने मोजण्याचे काम मुलींपैकी धाकटीचे, म्हणजे तिचे. पहिल्या मापाला एक म्हणावयाचे नाही, लाभ म्हणावयाचे. लाभ, दोन, तीन. तमिळ देशात ही चाल आहे आणि महाराष्ट्रातही ती अपरिचित नाही. मोजणी झाली की आजोबा दाराआड जाऊन लिहीत आणि ती दिवा धरी. चित्रभानूपासून, म्हणजे १९४२ पासून, तिला ओळी आठवत होत्या. सारे आकडे आठवत नव्हते; जे आठवत नव्हते तेथे ती "येथे विसरले" असे सांगे आणि मलाही तसेच लिहावयास लावी. नंदन संवत्सराच्या ओळीत आकडा नव्हता. १९५२ च्या नोव्हेंबरअखेरीस मोठे वादळ आले आणि सांबाचे उभे पीक गेले. आजोबांनी तेथे केवळ 'वारा' असे लिहिले होते. त्याच वर्षी तंजावर जिल्ह्यातील कुळांना आणि शेतमजुरांना संरक्षण देणारा कायदा झाला. पुढे खंडाचे भात कमी होत गेले आणि दारावरच्या ओळी तोकड्या होत गेल्या. शेवटची ओळ कोणत्या वर्षाची, ते तिला सांगता आले नाही, कारण तोवर तिचे लग्न होऊन ती कुंभकोणमला गेली होती. पुढे वैधव्यानंतर ती परत आली तेव्हा कोठीत भात नव्हते.

त्या ओळी केवळ आमच्या घराच्या होत्या असे नाही. एका जमीनदार घराण्याचे उत्पन्न कसे ओसरले याचा तो लेखा होता. आणि ज्यांनी ते भात पिकविले त्यांच्या बाजूने पाहिल्यास त्यात शोक करण्यासारखे काही नाही, हेही म्हटले पाहिजे. तिचे म्हणणेही तसेच होते. "ते गेले ते बरेच झाले," ती म्हणाली. "पण लिहिलेले होते."

मी तिला म्हणालो की तिने सांगितलेल्या ओळी मी पुन्हा मोडीत, त्याच जागी, लिहून काढीन. माझे मोडी अक्षर बरे आहे. तिने मान हलविली. "तुझ्या हातचे ते तुझे. वहीत लिही, खाली माझे नाव घाल आणि कधी सांगितले ते घाल. दारावर नको." पाठचिकित्सेचा हा नियम मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकविला होता. माझी आत्या शाळेत पाचवीपर्यंत गेली होती, तीही तमिळ शाळेत.

येथे वाचकांची क्षमा मागून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आत्याची वाक्ये मी वर छापील मराठीत दिली आहेत. ती तशी बोलली नाही. तिच्या बोलण्यात तंजावरची लकब होती, तमिळची चाल होती, आणि महाराष्ट्रात आता ऐकू न येणारे काही जुने शब्द होते. परंतु त्या सकाळी मी केवळ आकडे आणि संवत्सरे टिपली. तिचे शब्द जसेच्या तसे टिपले नाहीत. आता आठवणीच्या आधाराने तिची बोली रचून लिहिली, तर ते आप्पांचे अक्षर माझ्या हाताने दारावर काढण्यासारखेच होईल.

आणि याहून मोठी एक गोष्ट. पुष्कळ वर्षांपूर्वी मी तंजावरच्या एका मराठी हस्तलिखिताचे संपादन केले. ते छापताना ऱ्हस्वदीर्घ नियमांप्रमाणे केले. ठिकठिकाणी आलेली तमिळ वळणाची वाक्यरचना 'लेखकाचा दोष' म्हणून सरळ केली. दाक्षिणात्य रूपे काढून त्यांच्या जागी पुण्याच्या वाचकाला खटकणार नाहीत अशी रूपे घातली. तळटिपांत सर्व पाठभेद दिले नाहीत, कारण ते माझ्या मते पाठभेद नव्हतेच, चुका होत्या. माझा हेतू चांगला होता. तंजावरच्या मराठीकडे महाराष्ट्रातील विद्वानांनी आदराने पाहावे, तिला कोणी हसू नये, अशी माझी इच्छा होती. समीक्षकांनी पुस्तकाचे स्वागत केले आणि त्याची भाषा 'आश्चर्यकारकपणे शुद्ध' असल्याचा अभिप्राय एकाने दिला. त्या अभिप्रायाचा मला कित्येक वर्षे अभिमान वाटत असे. कोठीच्या दाराशी बसलो असताना ते वाक्य मला आठवले. भिंतीवर सिमेंट थापताना मी म्हणालो होतो, पक्के करू. पोथी छापताना म्हणालो होतो, शुद्ध करू. दार घासताना तर काही म्हणण्याचीही गरज वाटली नव्हती.

यावरून जुन्या वस्तूला हातच लावू नये असा निष्कर्ष मी काढीत नाही. हात लावला नसता तर घर पडले असते आणि ते हस्तलिखित वाळवीने खाल्ले असते. चुन्याच्या भिंतीला दर काही वर्षांनी नवा चुना लागतोच. परंतु तो चुना असावा लागतो. भिंत ज्या पदार्थाची आहे तिच्याशी त्याचे जमावे लागते. आणि हात फिरविण्यापूर्वी दिवा जवळ नेऊन पाहावे लागते. मी दिवा टांगला होता, पण तो माझ्या कामावर उजेड पडावा म्हणून.

टाळेबंदी सैल झाल्यावर मी एक नवी वही केली आणि आत्या जे बोलेल ते, तिच्या उच्चारासह, लिहू लागलो. प्रथम ती अवघडली, मग विसरली. कोठीच्या वस्तूंची नावे, सणांचे पदार्थ, कोलम काढताना म्हणावयाच्या गोष्टी, भांडणाचे शब्द, लाडाचे शब्द. तीन वह्या झाल्या. त्या हस्तलिखिताच्या संपादनाला मी एक शुद्धिपत्र जोडण्याचे काम हाती घेतले. एरवी शुद्धिपत्रात अशुद्ध रूपाच्या जागी शुद्ध रूप सुचविलेले असते. या पत्रात मी शुद्ध केलेल्या रूपांच्या जागी मूळची रूपे परत घातली आहेत. नोंदी चारशेंच्या वर गेल्या. मूळ पोथीतील काही पानांची मी त्या काळी केलेली नक्कल माझ्याजवळ आता नाही, म्हणून काही ठिकाणी "येथे विसरले" या अर्थाची खूण करावी लागली.

मेस्त्री सप्टेंबरमध्ये आले. त्यांनी ओट्याची भिंत तळहाताने तपासली, बोटे उठलेल्या जागी थांबले आणि दोन दिवसांत ती सारखी करून देतो म्हणाले. आत्याने चौकातूनच सांगितले की राहू द्या. मग ते कोठीच्या दाराशी गेले. खालचा भाग तेल पिऊन चमकत होता, वरची फळी काळीच होती. हे अर्धे का, असे त्यांनी विचारले. मी दिवा वर धरला आणि दोन ओळी दाखविल्या. त्यांना मोडी येत नव्हती, परंतु हिशेब आहे हे त्यांनी ताबडतोब ओळखले; ओळीच्या शेवटी आकडे असतात तेथेच त्यांची नजर गेली. "भाताचा?" त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. त्यांचे आजोबाही कोणाच्या तरी शेतावर भात मापून देत असत, एवढेच ते म्हणाले आणि पेटी उचलून गच्ची पाहावयास गेले.

पुढच्या वर्षी, प्लव संवत्सरात, आत्या गेली. घर उभे आहे. ईशान्य मोसमी पावसाचे तडाखे त्याने त्यानंतर सोसले आहेत आणि माजघरात थेंब आलेला नाही. कोठीच्या दाराच्या वरच्या फळीला मी तेल दिलेले नाही. पाहुणे येतात, ओट्याच्या भिंतीचे कौतुक करतात, आणि ते दार पाहून काम थोडे राहिलेले दिसते असे म्हणतात. त्यांना मी हो, राहिले आहे, असेच सांगतो.